मुलाला भुताच्या गोष्टींचे वेड लागले आहे, अडवू का?

तुमचा मुलगा ११ वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे तो भुताखेतांच्या गोष्टींखेरीज दुसरे काही वाचत नाही, रात्री दिवा चालू ठेवून झोपतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पुस्तक उघडतो. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याने स्वतःही अशा गोष्टी लिहायला सुरुवात केली आहे, आणि घरातली वडीलधारी माणसे 'याचे वळण बिघडेल' असे म्हणत आहेत. हे वेड लागते कसे, आयुष्यभर टिकते कसे आणि ते वेळीच अडवावे की नाही, हे या वाटेने गेलेल्या कोणीतरी सांगावे, अशी तुमची इच्छा दिसते. मी गेली ३० वर्षे दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहिते आहे आणि त्याआधीची २० वर्षे त्या मिळतील तिथून वाचत होते, म्हणून हे उत्तर लिहायला बसले. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. तुमच्या मुलाला मी पाहिलेले नाही. त्यामुळे पुढे जे सांगेन त्यातले बरेचसे त्याच्या स्वभावावर आणि तुमच्या घरातल्या परिस्थितीवर अवलंबून राहील, हे आधीच सांगून टाकते.

तुमच्या पत्रात मला एकात एक गुंतलेले दोन प्रश्न दिसतात. तो घाबरतो, ही तुमची काळजी आहे. घाबरूनही तो पुन्हा तिकडेच का जातो, हे तुम्हाला पडलेले कोडे आहे. काळजीचे उत्तर सोपे आहे आणि ते मी शेवटाकडे देईन. कोडे मात्र सुटल्याशिवाय अडवायचे की नाही हे ठरवता येणार नाही, कारण नुसते घाबरणारे मूल पुस्तक मिटून कपाटात ठेवते, आणि पुन्हा उघडणाऱ्या मुलाला त्या पानांत भीतीच्या पलीकडचे काहीतरी सापडलेले असते.

मला ते सापडले आजीच्या अडकित्त्यात. माझे बालपण सावंतवाडीजवळच्या एका गावात गेले. गावात वीज आलेली होती, पण पावसाळ्यात ती एकदा गेली की आठ-आठ दिवस परत येत नसे. रात्रीची जेवणे झाली की आजी पडवीत सुपारी कातरत बसे आणि आम्ही सात-आठ मुले तिच्याभोवती दाटीवाटीने बसत असू. गोष्ट सांगताना ती आवाज कधी चढवीत नसे. उलट नेमक्या जागी ती बोलायचे थांबे, आणि त्या शांततेत अडकित्त्याचा कट् असा एकच आवाज येई. भूत किती उंच होते, त्याचे दात कसे होते, डोळे कसे होते, हे तिने कधीही सांगितले नाही. जागा मात्र ती बारकाईने सांगे: आपल्या परसातली विहीर, तिकडे उतरणारी पाखाडी, पाखाडीची ती निसटलेली तिसरी पायरी. गोष्ट संपली की झोपण्यापूर्वी पाय धुवायला आम्हाला त्याच पायऱ्या उतराव्या लागत. लेखनाच्या कार्यशाळांतून मी पुढे पुष्कळ काही ऐकले, पण भय हे भुताच्या आकृतीत नसून ते आपल्यापासून किती जवळ आहे यात असते आणि ते ऐकणाऱ्याच्या रोजच्या वाटेवर नेऊन ठेवायचे असते, हे मला त्या पडवीतच कळले होते. कळले आहे हे मात्र कळायला वीस वर्षे गेली.

आजीच्या गोष्टींत आणखी एक गोष्ट हमखास असे, ती म्हणजे नियम. अमुक भूत उंबरठा ओलांडत नाही, तमुक हाक तिसऱ्यांदा आल्याशिवाय ओ द्यायची नाही, चकवा लागला तर आहे तिथेच बसून राहायचे. आणि शिवेवर देवचार आहेच, तो वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. आजीने मला त्या वहाणा दाखवल्या तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. त्या वहाणेत मावणारे पाऊल केवढे असेल याचा विचार करीत मी ती सबंध रात्र जागून काढली. पण ते पाऊल आपल्या बाजूचे आहे हेही मला ठाऊक होते, आणि त्या जागरणात एक प्रकारची चैन होती.

ही चैन म्हणजेच तुमच्या कोड्याचे उत्तर आहे असे मला वाटते. शरीर खरोखर घाबरते, छाती धडधडते, कान टवकारतात, पण मनाला माहीत असते की आपण पांघरुणात आहोत आणि पान मिटणे आपल्या हातात आहे. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पैसे देऊन घाबरायला जाण्याच्या एका भयगृहात आलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके त्यांनी मोजले, आणि कोणाला किती मजा आली तेही विचारले. भीती फारच कमी असेल तर मजा येत नाही, फार झाली तरी येत नाही, आणि मधल्या एका टप्प्यावर ती सर्वाधिक असते, असे त्यांना आढळले. आजी हा टप्पा उपकरणाशिवाय मोजत असे. सर्वांत धाकट्या आतेभावाचा ओठ थरथरू लागला की तिच्या गोष्टीतल्या भुताला शिंक येई.

म्हणूनच 'वाचू देऊ का' यापेक्षा 'कशातून आणि किती' हा विचार मी आधी करीन. छापील गोष्ट वाचताना मूल स्वतःला झेपेल एवढेच भूत मनात उभे करते; त्याची कल्पनाशक्ती त्याच्या वयाचीच असते. मोबाईलवर कानात यंत्र घालून पाहिलेल्या दृश्यात मात्र ती निवड त्याच्याकडे उरत नाही. अचानक येणारा कर्कश आवाज आणि अंगावर येणारा चेहरा यांनी बसतो तो दचका, आणि दचका म्हणजे भय नव्हे. आमच्या व्यवसायात दचक्याला फारसा मान नाही, कारण तो कोणालाही देता येतो; मागून टाळी वाजवली तरी माणूस दचकतोच. तेव्हा पुस्तकांना माझी हरकत नाही, मोबाईलला मात्र या वयात आहे, आणि तीही रात्री विशेष.

आता वेड टिकते कसे, याकडे वळते. लहानपणी भुताच्या गोष्टी जवळजवळ सर्वांनाच आवडतात. 'चांदोबा'तल्या विक्रम आणि वेताळाच्या गोष्टींवर चित्रकार शंकर यांनी काढलेले ते चित्र, हातात उपसलेली तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला राजा, माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या मनावर कोरलेले आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, २०१८ मध्ये नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा वैभव मांगले यांनी. त्या प्रयोगाला मी भाचीला घेऊन गेले होते. चेटकीण आली की सभागृहातली मुले किंचाळत होती आणि ती आत गेली की पुन्हा कधी येणार म्हणून खुर्च्यांवर उभी राहून पाहत होती. एवढ्या सगळ्या मुलांपैकी पुढे जन्मभर चेटकिणीच्या मागे जाणारे फारच थोडे. बहुतेकांची ओढ वयात येताना आपोआप ओसरते, आणि तुमच्या मुलाचीही ओसरेल, अशी शक्यता मोठी आहे. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

माझी ओसरली नाही, त्याला एक साधे कारण घडले. तालुक्याच्या गावी एक वाचनालय होते आणि तिथे नारायण धारपांची पुस्तके मागच्या फळीवर ठेवलेली असत. ग्रंथपाल मला ती देत नसत, म्हणून मी काकांच्या नावावर आणत असे. कोकणातल्या विहिरी आणि पिंपळ सोडून भय शहरातल्या चारचौघांसारख्या बिऱ्हाडात शिरू शकते, हे मला धारपांमुळे प्रथम समजले, आणि त्यांचा समर्थ हा नायक देवचारासारखाच पाठीशी उभा असल्यामुळे वाचायला धीरही येई. एका रात्री त्यांची एक कथा वाचून मी इतकी घाबरले की पुस्तक माजघरातल्या फडताळात ठेवून त्याला बाहेरून कडी घातली. सकाळी उजेडात मी ते पुन्हा काढले आणि आपण नक्की कोणत्या वाक्याला घाबरलो ते शोधू लागले. ते वाक्य अगदी साधे निघाले. त्यात भूत नव्हते, दारही नव्हते. मग त्याच्या आधीचे पान वाचले, त्याच्या आधीचे वाचले, आणि लेखकाने तीन पाने आधीपासून काय रचत आणले होते ते हळूहळू दिसू लागले. हे करताना रात्रीच्या भीतीइतकाच, किंबहुना काकणभर जास्त, आनंद झाला. त्या सकाळनंतर मी प्रत्येक गोष्ट दोनदा वाचू लागले, एकदा रात्री आणि एकदा दिवसा. तुमचा मुलगा स्वतः गोष्टी लिहू लागला आहे म्हणजे तोही कदाचित दिवसाच्या वाचनापर्यंत पोचला असावा.

पुढे मतकरींच्या गूढकथा हाती आल्या आणि भुताची गरजच नसते हे कळले. माणसाच्या मनात पुरेसा अंधार असतो. गूढकथा आणि भयकथा यांच्यातला भेद मी इथे फोडून सांगत बसत नाही, तो तुमच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे.

वेड असणे आणि ते काम म्हणून करता येणे यांत मोठे अंतर आहे, हेही सांगायला हवे. माझी पहिली कथा मी एका दिवाळी अंकाकडे पाठवली तेव्हा मी पंचविशीत होते. तिच्यात पडका वाडा होता, अमावस्या होती, टिटवी होती, वटवाघळे होती आणि दोन भुते होती. संपादकांनी ती साभार परत केली, पण तिसऱ्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने एक प्रश्न लिहिला होता: 'या वाड्यात राहणारा माणूस पोटासाठी काय करतो?' मला तो प्रश्न आधी थट्टेचा वाटला आणि रागही आला. नंतर लक्षात आले की माझ्या कथेतला माणूस जेवत नव्हता, भाडे भरत नव्हता, त्याला कोणाचा फोन येत नव्हता. तो केवळ घाबरण्यासाठी जन्माला आला होता, आणि अशा माणसाचे काही बरेवाईट झाले तर वाचकाला त्याचे काय? तेव्हापासून मी कथा लिहिण्याआधी पात्राचा महिन्याचा खर्च एका कागदावर मांडते. हास्यास्पद वाटेल, पण भयकथेतल्या विश्वासाचा पाया बहुधा अशाच कागदावर उभा असतो.

याच काळात मी गावोगावची भुते टिपून ठेवू लागले आणि एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेला, त्याचा मुंजा होऊन तो पिंपळावर बसतो. बाळंतपणात दगावलेल्या बाईची हडळ होते. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, आणि क्रियाकर्म करायला मागे कोणी नसलेल्याचा समंध. गावागणिक तपशील बदलतात, पण या यादीत भरल्या घरात, म्हातारपणी, समाधानाने गेलेले माणूस सहसा सापडत नाही. ज्यांचे काही राहून गेले, आणि बहुतेक वेळा ज्यांच्याकडे आपले लक्ष नव्हते, त्यांचीच भुते होतात. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांची नोंद गावच्या दप्तरात नीट झाली नसेल, पण लोकांच्या भीतीत ती झाली आहे. मला या विषयात मुरवले ते या जाणिवेने. त्यापूर्वी मला भुतांची मौज होती. त्यानंतर मला त्यांच्याविषयी कुतूहल आणि थोडी करुणाही वाटू लागली.

इथे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाला उत्तर देते, कारण तो अगदीच निराधार नाही. भुताच्या गोष्टी वाचून मूल अंधश्रद्ध होईल का? माझ्या अनुभवात, गोष्ट ही गोष्ट म्हणून सांगितली तर नाही. मात्र 'हे खरेच घडले होते, आपल्या अमक्याला दिसले होते' असे मोठ्या माणसांनी ठासून सांगितले, आणि आजारपणाला बाधा म्हणायची सवय घरात असली, तर होईल. पण तेव्हा दोष पुस्तकाचा नसतो. मी लहान असताना शेजारच्या वाडीतल्या एका बाईला 'धरले आहे' म्हणून तिला बांधून मारहाण झाली होती. तिचे ओरडणे आमच्या पडवीपर्यंत येत होते. त्या रात्री आजीने गोष्ट सांगितली नाही, आणि अडकित्ताही हातात घेतला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे बांधणे-मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. माझ्यापुरता मी एक नियम पाळते: आजारी बाई खरोखरच झपाटलेली निघाली आणि चाबकाने बरी झाली, अशी कथा मी लिहीत नाही, कितीही रंगतदार होणार असली तरी. मुलाशी या भेदाबद्दल उघडपणे बोला. ११ वर्षांच्या मुलाला तो कळतो.

आता काळजीचा प्रश्न. दिवा लावून झोपणे ही मला चिंतेची बाब वाटत नाही. मी लग्न होईपर्यंत कंदिलाची वात बारीक करून झोपत असे. पाहायचे ते हे की भीती पुस्तकाबरोबर मिटते की नाही. दिवसाढवळ्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला तो कचरत असेल, आठवडेच्या आठवडे पुरेशी झोप होत नसेल, शाळा किंवा मित्र टाळत असेल, किंवा गोष्टींतले मरण त्याला घरातल्या एखाद्या खऱ्या मरणाची, आजाराची वा भांडणाची सतत आठवण करून देत असेल, तर मात्र प्रश्न गोष्टींचा नाही, आणि बालमानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटण्यात अजिबात कमीपणा मानू नका. गेल्या दोन वर्षांत घरात असे काही घडले का, याचा तुम्ही स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करा. ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मी त्यावर काही बोलू शकत नाही. यातले काही नसेल, तर पुस्तके काढून घेऊ नका. माझ्या काकांनी एकदा काढून घेतली होती, आणि मी ती माडीवरच्या अडगळीत बसून, एकटीने, फार वाईट उजेडात वाचली. एकट्याने वाचलेली भीती दुप्पट होते, एवढेच त्यातून निष्पन्न झाले.

त्याला झोपण्याच्या वेळेऐवजी संध्याकाळी वाचू द्या. अधूनमधून तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, आणि पुढे काय होईल असे न विचारता 'तुला नक्की कुठे भीती वाटली' असे विचारा. हा प्रश्न विचारला गेला की मूल भीतीच्या आतून बाहेर येऊन तिच्याकडे पाहू लागते.

आयुष्यभर टिकण्याबद्दल एक शेवटचे, आणि ते जरा मोठ्यांसाठी आहे. नाट्यशास्त्रात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत: व्याजातून, म्हणजे बतावणीतून आलेला, अपराधातून आलेला आणि वित्रासितक, म्हणजे नुसत्या धास्तीतून आलेला. बतावणी आणि धास्ती मला पडवीतच भेटल्या होत्या. अपराध भेटायला पन्नाशी यावी लागली. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला तेव्हा ते माझ्याकडे राहत होते. एकदा तिन्हीसांजेला त्यांनी मला जवळ बोलावले, माझ्याच हाताला धरून स्वयंपाकघराकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, 'ती बाई कोण आहे? ती रोज इथे असते. तुझ्या आईला सांगू नकोस, घाबरेल ती.' आई जाऊन नऊ वर्षे झाली होती, आणि स्वयंपाकघरात रोज असणारी बाई मीच होते. ते रात्री उठून बाहेर चालू लागत, म्हणून पुढे त्यांच्या खोलीला मी बाहेरून कडी घालू लागले. फडताळाला घातलेली लहानपणची कडी मला तेव्हा आठवत असे, आणि कडीचा तो आवाज ते आतून ऐकत आहेत हेही मला माहीत असे. ते गेल्यावर दोन वर्षे मला काही लिहिता आले नाही. नंतर लिहिली त्या कथेत भूत नाही, काही दिसत नाही, कोणी ओरडत नाही. एक मुलगी रोज रात्री दहा वाजता एक कडी लावते, एवढेच आहे. माझी सर्वांत घाबरवणारी कथा कोणती असे वाचकांना विचारले तर ते बहुधा तीच सांगतात.

तेव्हा हा छंद बालिश आहे, वयाबरोबर सुटायला हवा, असे तुम्हाला कोणी म्हटले तर त्यावर विश्वास ठेवण्याची घाई करू नका. तो सुटला तर सुटू द्या, राहिला तर तो त्याच्या वयाबरोबर बदलत जाईल.

आणि वहीच्या मागच्या पानांचे म्हणाल, तर ती पाने त्याने स्वतःहून दिल्याशिवाय वाचू नका, शुद्धलेखन तपासण्यासाठी तर मुळीच नाही. त्याने दिलीच, तर रात्री जेवणानंतर त्याच्यासमोर मोठ्याने वाचा, आणि वाचताना तुम्हाला खरोखर जिथे कसेसेच वाटेल तिथे थांबून, बोट ठेवून, त्याला ती ओळ दाखवा.